लेस्टरच्या घरातील उबेची रोजकीर्द

गतवर्षी जानेवारीत कन्येकडे लेस्टरला सहा आठवडे मुक्काम घडला. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील, जुन्या चर्चच्या वास्तूत साकारलेल्या जिनमंदिराचे दर्शन पहिल्याच रविवारी घेतले. त्याविषयी येथे पुष्कळ लिहिले गेले आहे. मी लिहिणार आहे ते कन्येच्या गॅस मीटरविषयी.

तिकडे घर उबदार राखणे हा संसाराचा मोठा खर्च. बॉयलरमध्ये गॅसवर तापलेले पाणी खोल्याखोल्यांतील रेडिएटरमधून फिरते. मीटर घनमीटर दाखवितो, बिल युनिटांत येते. एका घनमीटरचे साधारण ११ युनिट. बँकेतील सवय सुटत नाही. मी वही घातली आणि सकाळी नऊ व सायंकाळी पाचचे आकडे टिपू लागलो.

नुसता आकडा फसवा, कारण थंडी रोज सारखी नसते. तेथील रीत अशी की, १५.५ अंश ही पायरी धरावी. दिवसाचे सरासरी तापमान ५.५ असेल, तर त्या दिवसाच्या नावे १० अंश मांडावेत आणि जळालेल्या गॅसला त्यांनी भागावे. व्यापारी नफा विक्रीच्या प्रमाणात पाहतो, तसेच हे.

परंतु भागाकार जुळेना. आम्ही उभयता घरी असलो, तर दिवसा तीन घनमीटर. बाहेर पडलो की जेमतेम अर्धा. एकदा मी वाचनालयातून दुपारीच परतलो. विहीणबाई स्वेटरवर दोन शाली गुंडाळून स्वयंपाकघरात बसल्या होत्या, आणि थर्मोस्टॅट १३ वर!

“मुलांचं बिल वाढतं हो,” त्या ओशाळून म्हणाल्या, “मी एकटीच तर असते.”

त्यांचे वय ७८. घरात निदान १८ अंश ऊब असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. माझ्या वहीत मात्र ते अर्धा घनमीटर काटकसर म्हणून जमा होते. लाज वाटली.

त्यांनी नको म्हटले, तरी रात्री जावईबापूंना सांगितलेच. माळा पाहिला, तर उष्णतारोधक थर १० सेंटिमीटरचा; शिफारस २७ ची. तो वाढविला. मागील दाराच्या फटीला पट्टी लावली. बॉयलरचे पाणी ७५ अंशांवरून ६० वर आणले. परतणारे पाणी ५५ हून थंड असेल, तरच धुरातील वाफेची उष्णता नीट वसूल होते. खोल्या सावकाश तापतात, इतकेच.

शेवटच्या आठवड्याचा हिशेब केला. गॅस जवळजवळ पूर्वीइतकाच. दुपारी घरात मात्र १९ अंश.

आता सकाळचा आकडा विहीणबाईच फोनवरून पाठवितात. दुपारचे अंश मी वेगळे विचारतो.