लवकर पिकणारा जर्दाळू

हिमाचलातल्या सोलन-सिरमौरच्या डोंगरउतारांवर फाल्गुनात जर्दाळू फुलतो, तेव्हा झाडावर एकही पान नसतं. तांबूस-काळपट फांदीला बिलगून नुसती फुलं. देठ जवळजवळ नाहीच, पांढऱ्या पाकळीत गुलाबीची पुसट झाक. हिवाळ्यात सात अंशांखालच्या थंडीचे काहीशे तास पदरी पडले, तरच हा बहर धड येतो. म्हणून वाळलेला जर्दाळू आपल्या घरोघरी असला, तरी त्याचं झाड महाराष्ट्रात रमत नाही. पण फुलल्यावर तीच थंडी वैरीण होते. भर फुलोऱ्यात पारा शून्याखाली दोन-तीन अंश उतरला, तर पाकळ्या शाबूत दिसतात आणि आतला इवला बीजकोश काळा पडलेला असतो.

या बागांत मला ओढ ‘न्यूकॅसल’ची. मूळचा कॅलिफोर्नियाचा हा वाण हिमाचलच्या मधल्या उंचीवर चांगला रुळला आहे. रानजर्दाळूच्या, तिथल्या भाषेत ‘चुल्ली’च्या, खुंटावर त्याचं कलम बांधतात. मे सरता सरता तो पिकतो. लडाखचा जर्दाळू जुलै-ऑगस्टात.

एकाच बागेत जो वाण लवकर पिकतो तो लवकर फुलतही असणार, असं वाटतं. पण खरी गोम फळाच्या वाढीत आहे. फळ आधी भराभर वाढतं, मग कोय टणक होईपर्यंत थबकतं आणि शेवटी पुन्हा झपाट्यानं फुगतं. लवकरच्या वाणांत हा मधला मुक्काम आखूड असतो. गर रसाळ झाला, तरी बी अपुरंच राहतं. फार लवकर पिकणाऱ्या वाणांचं बी पुष्कळदा रुजतही नाही. नवे वाण घडवणारे शास्त्रज्ञ त्यातला कोवळा गर्भ काढून प्रयोगशाळेत जगवतात. आपल्याला आधी मिळणाऱ्या गोडव्याची किंमत झाड स्वतःच्या वंशातून चुकवतं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

दिवस थोडे, म्हणून माळ्याला डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं. विरळणी कोय टणक होण्याआधीच उरकायची, नाहीतर फळं बारीक राहतात. तोडणीला उन्हाकडच्या गालावरची लाली फसवी. मूळचा हिरवा रंग जाऊन पिवळा भरला का, ते पाहायचं. तोडलेलं फळ नंतर मऊ पडतं, वासही धरतं, पण गोडी झाडावर होती तेवढीच राहते.

तेव्हा मेअखेरीस बाजारात ताजा जर्दाळू दिसला, तर लालीला भुलू नका. देठापाशीही पिवळा झालेला निवडा आणि एक-दोन दिवसांत खाऊन टाका. हा वाण टिकणारा नाही.