माळ्यावरचं खाणं

काल रात्री रॉन हॉवर्डचा ‘इन द हार्ट ऑफ द सी’ पुन्हा पाहिला. झोप उडाली ती उडालीच. जहाजाला देवमाशाची धडक बसते त्यापेक्षा दुसरंच दृश्य डोळ्यांसमोरून हलत नाही. मारलेल्या माशाच्या डोक्यात पोरसवदा थॉमस निकर्सनला उतरवतात, तेल उपसायला. भोकाशी पोचल्यावर त्याचा तो चेहरा! आणि हे सगळं कशासाठी, तर दिव्यांसाठी.

सिनेमातलं ते जहाज खरोखरचं होतं: अमेरिकेतल्या नँटकेटचं ‘एसेक्स’. ते २० नोव्हेंबर १८२० रोजी प्रशांत महासागरात फुटलं. २० माणसं, ३ होड्या. पश्चिमेची बेटं त्यातल्या त्यात जवळ होती; पण तिथं नरभक्षक असतील या धास्तीनं त्यांनी दक्षिण अमेरिकेची लांबची वाट धरली. त्याच वाटेवर मेलेल्या सोबत्यांचं मांस खायची वेळ त्यांच्यावर आली. कॅप्टन पोलार्डच्या होडीत तर चिठ्ठ्या टाकल्या. नाव निघालं त्याच्याच नात्यातल्या भावाचं, कोवळ्या ओवेन कॉफिनचं. इथं मला पुढे लिहवत नाही.

८ जण परतले. परतले असं आपण म्हणायचं. त्यातला फर्स्ट मेट ओवेन चेस म्हातारपणी, पोटभर मिळत असतानाही, घराच्या माळ्यावर खाणं लपवून ठेवायचा.