भरवशाचा वेग

ओव्हरक्लॉक करायचंच, असं ठरवून पहिला पीसी बांधायला निघालेली पोरं आधी प्रोसेसरचं नाव घेतात, मग ग्राफिक्स कार्डाचं. रॅमचा नंबर शेवटी लागतो, तोही पुष्कळदा दिव्यांच्या रंगावरून. देडतलाईत खंडवा, बुऱ्हाणपूर आणि धारणीकडचे रस्ते एकत्र येतात. त्यामुळे माझ्याकडे पीसी असेंबल करून घ्यायला निमाडातली पोरं येतात तशी मेळघाटातलीही येतात. कुणी मराठीत बोलतं, कुणी निमाडीत, कुणी हिंदीत. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच असतो : "भाऊ, सगळ्यात फास्ट कोणती?"

मी म्हणतो, जरा वेगळं विचार. तुझ्या बोर्डावर, तुझ्या प्रोसेसरसोबत आणि आपल्या उन्हाळ्यात कोणती टिकेल, ते विचार.

आधी खोक्यावरचे आकडे वाचायला शिकावं. डीडीआर5-6000 म्हणजे एका सेकंदात सहाशे कोटी वेळा देवघेव. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात सीएल30 किंवा सीएल40 लिहिलेलं असतं. प्रोसेसरने माहिती मागितल्यापासून ती मिळू लागेपर्यंत किती ठोके जातात, ते हा आकडा सांगतो. हिशेब सोपा आहे. सीएलला 2000ने गुणायचं आणि वेगाने भागायचं, की उत्तर नॅनोसेकंदांत मिळतं. 6000 सीएल30चे होतात 10 नॅनोसेकंद, 6000 सीएल40चे 13.3. आणि जुन्या डीडीआर4-3200 सीएल16चे? तेही 10च. नव्या रॅममधून एका वेळी जास्त माल वाहून जातो हे खरं, पण पहिला दाणा हाती पडायला लागणारा वेळ तसाच राहिलेला आहे. म्हणून मोठा आकडा एकटा पाहू नये, जोडी पाहावी.

दुसरं, खोक्यावरचा वेग आपोआप मिळत नाही. 6000ची स्टिक लावली तरी ती सुरुवातीला 4800च्या आसपास, ठरलेल्या मानकावरच चालते. बायोसमध्ये जाऊन इंटेलचं एक्सएमपी किंवा एएमडीचं एक्सपो चालू करावं लागतं. 6000चे पैसे मोजून वर्षानुवर्षं 4800वर चालणारे पीसी मी पुष्कळ उघडले आहेत. आणि ते प्रोफाइल चालू केलं, की ओव्हरक्लॉकिंग सुरू झालं. डीडीआर5चं मानक व्होल्टेज 1.1 आहे, अशा वेगवान रॅमची किट साधारण 1.35 किंवा 1.4 व्होल्टवर धावतात. बोर्डाला हे झेपतं का, ते आधी पाहावं. इंटेलच्या एच610सारख्या स्वस्त बोर्डावर मेमरी ओव्हरक्लॉक होतच नाही. तिथे महागडी रॅम घेणं म्हणजे पैसा पाण्यात.

एएमडीच्या रायझन 7000 मालिकेसाठी मी 6000 सीएल30च्या पुढे जात नाही. त्या सुमारापर्यंत प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर रॅमच्या पावलाशी पाऊल मिळवून चालतो. फार वर नेलं की त्याला निम्म्या चालीवर यावं लागतं आणि कमावलेलं तिथेच गमावतं. एक्सपो लावताना बोर्ड प्रोसेसरचं एसओसी व्होल्टेजही वाढवतं, तेही डोळ्यांनी पाहावं. काही प्रोसेसर जळाल्यानंतर 2023मध्ये एएमडीने त्याची कमाल मर्यादा 1.3 व्होल्टवर आणली.

स्टिक दोनच घ्याव्यात आणि एकाच किटमधल्या घ्याव्यात. आज एक, दिवाळीला दुसरी, असं करू नये. नाव तेच असलं तरी आतली चिप बदललेली असू शकते. चार स्लॉटच्या बोर्डावर सहसा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा. खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब दिला, की क्लिपचा टक् असा आवाज येतो. मग पहिल्यांदा बटण दाबलं की स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. पोरांचा जीव वरखाली होतो. घाबरू नये, बोर्ड तेव्हा मेमरीशी ताळमेळ बसवत असतं. त्या वेळी वीज जाऊ नये म्हणून यूपीएस लावूनच हे काम करावं.

आता उन्हाचं. 1968मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना ज्या रचनेचं पेटंट मिळालं, तिच्यावरच आजची रॅम उभी आहे : प्रत्येक बिटला एक ट्रान्झिस्टर आणि एक चिमुकला कपॅसिटर. त्या कपॅसिटरमधला विद्युतभार सतत गळत असतो, म्हणून तो सेकंदाला कित्येकदा पुन्हा भरावा लागतो. उष्णता वाढली की गळती वाढते. आमच्याकडे मे महिन्यात पारा 42च्या पुढे जातो, वर ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट स्टिकवर येते. परदेशातल्या थंड खोलीत कुणी दाखवलेली सेटिंग इथे जशीच्या तशी चालेल, असं धरून चालू नये.

प्रोसेसर तापला तर मशीन बंद पाडून सांगतो. मेमरी सांगत नाही. एक बिट उलटतो आणि झिप फाइल उघडत नाही, लग्नाच्या व्हिडिओत मधेच हिरवा पट्टा येतो, विंडोज हळूहळू पोखरलं जातं. डीडीआर5च्या चिपमध्ये चूक सुधारायची सोय आहे, पण ती चिपच्या आतल्यापुरती. चिप ते प्रोसेसर या वाटेवरची चूक ती पकडत नाही. म्हणून मी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट86+ रात्रभर चालवतो, आणि रात्रीच्या गारव्यात पास झालेली सेटिंग दुपारी दोन वाजता, विंडोजमध्ये ग्राफिक्स कार्डावर भार देऊन, पुन्हा तपासतो. एकही चूक दिसली तर वेग एक पायरी खाली. एकाच चुकीने काय होतंय, असं म्हणायचं नाही.

2025च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरांमुळे रॅमचे भाव कडाडले आहेत. अशा वेळी जास्तीच्या आकड्यावर किंवा दिव्यांवर पैसा घालू नका. दोन स्टिकचं, बोर्डाच्या कंपनीने तपासलेल्या यादीत असलेलं, कमी सीएलचं किट घ्या आणि बिल जपून ठेवा. ओव्हरक्लॉक जरूर करा, त्यातून मशीन आतून कळतं. पण जो वेग भर दुपारी चूक न करता टिकतो, तोच तुमचा. बाकीचा खोक्यावर छापलेला आहे.