बारा व्होल्टांचा हिशेब

कमी खर्चाचा गेमिंग पीसी जुळवायला येणारी मुलं तयारीनिशी येतात. कोणतं ग्राफिक्स कार्ड किती एफपीएस देतं हे त्यांना पाठ असतं. त्यांचं कोटेशन हातात आलं की मी आधी एसएमपीएसची ओळ शोधतो. बहुतेक वेळा तिथे नुसतंच ‘४५० वॅट’ लिहिलेलं असतं. ना कंपनी, ना मॉडेल. काटकसरीची सगळी कुऱ्हाड याच भागावर पडते आणि माझ्या मते ती इथे अजिबात पडू नये.

एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता छापलेला असतो. त्यात १२ व्होल्टचा रकाना शोधा, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज तिथूनच घेतात. तिथल्या अँपिअरला १२ नं गुणा. १६ अँपिअर असतील तर १९२ वॅट झाले, वर ४५० चा आकडा कितीही ठळक छापलेला असो. आता मागणी बघा. रेडिऑन आरएक्स ६६०० हे कार्ड १३२ वॅट घेतं, रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर जोर लागला की ७६ पर्यंत जातो. दोघांचेच २०८ झाले, पंखे वेगळे. शिवाय कार्ड क्षणभर याहून जास्तही ओढतं. मग ऐन रंगात आलेल्या गेममध्ये पीसी रीस्टार्ट होतो आणि दोष विंडोजला नाहीतर कार्डाला दिला जातो.

‘८० प्लस’चा शिक्का बघावा, पण तो फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो. शॉर्टसर्किट झालं किंवा भार वाढला तर एसएमपीएस स्वतःहून बंद होईल का, हे त्यावरून कळत नाही; त्यासाठी त्या मॉडेलची माहिती वाचावी लागते. मागच्या बाजूला ११५/२३० चा लाल सरकता स्विच दिसला, तर तो जुन्या धाटणीचा माल समजावा. आणि गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरत असेल, तर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलाच घ्या. बऱ्याच स्वस्त मॉडेलवर ते २०० पासून सुरू होतं.

बाकीच्या भागांत वाचवायला भरपूर जागा आहे. १०८० पी पडद्यासाठी ८ जीबीचं कार्ड पुरतं. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं, पण त्याला ४ जीबी मेमरी आणि पीसीआयईच्या चारच लेन आहेत. बी४५० सारख्या जुन्या बोर्डावर ते आणखी मंदावतं. १६ जीबीची एक स्टिक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या. डीडीआर४-३२०० मध्ये मेमरीचा वेग सेकंदाला २५.६ जीबीवरून ५१.२ वर जातो. रंगीत दिवे आणि काचेचं कॅबिनेट यांनी गेमचा एकही फ्रेम वाढत नाही.

पैसे खरोखरच कमी असतील, तर मी कार्ड पुढे ढकलायला सांगतो. रायझन ५ ५६००जी मध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे; साधे गेम त्यावर चालतात. सोबत दोन स्टिक आणि चांगला एसएमपीएस घ्या, वर्षभरानं कार्ड बसवा. एसएमपीएस तोच राहील.

शेवटची गोष्ट दुकानात मिळत नाही. जुने वाडे, चाळी इथे सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे अर्थिंगची तार नसते. अशा घरात कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, कारण एसएमपीएसमधल्या फिल्टरची किंचित वीज जायला वाट नसल्यानं ती पत्र्यावर राहते. लोक पीसी खराब आहे म्हणून परत आणतात. काही जण टू-पिन अ‍ॅडॉप्टर लावतात. तसं कधीही करू नका. पीसी घरी येण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या.