नळाचे पाणी आणि माशाचा कल्ला

आषाढात टाकीचे पाणी बदलावे आणि दुसऱ्या सकाळी दोन-तीन मासे पोट वर करून तरंगताना दिसावेत, की घरात निकाल लागलेलाच असतो: ‘पाणीच खराब आहे.’ मनोर-पालघर पट्ट्यात हा निकाल पटकन पटतो, कारण पलीकडे तारापूरची औद्योगिक वसाहत आहे आणि खाडीत मासे मेल्याच्या बातम्या इथल्या माणसाला नव्या नाहीत. तरीही नळावरचा हा आरोप बहुतेक वेळा उलटा लागू पडतो. पाणी माणसाला पिण्याजोगे आहे, म्हणूनच मासा मेला असण्याची शक्यता जास्त. पहिल्या पावसात सूर्या आणि वैतरणा लाल-तांबड्या होऊन वाहू लागतात. गाळाबरोबर काठचे सारे काही पाण्यात येते आणि साथीच्या धास्तीने ग्रामपंचायत टीसीएलचा, म्हणजे क्लोरीन सोडणाऱ्या ब्लीचिंग पावडरचा, हात सैल सोडते. हे क्लोरीन तपासणाऱ्या ओटी टेस्टच्या नळीत पिवळा रंग उतरला की पाणी निर्धोक. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक सांगते की नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन उरलेच पाहिजे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९८६ साली गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी घालून दिलेली मर्यादा मात्र थोड्या वेळापुरती ०.०१९ आणि दीर्घकाळासाठी ०.०११ मिलिग्रॅम आहे. आपले किमान हे त्यांच्या कमाल मर्यादेच्या दहापटीहून अधिक. तेव्हा ‘चांगले पाणी’ म्हणताना ते कुणासाठी चांगले, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

हे क्लोरीन करते काय, ते कल्ल्याजवळून पाहावे. निरोगी कल्ला लालभडक असतो. त्याच्या पाकळ्यांवरची त्वचा इतकी पातळ, की पाण्यातला प्राणवायू तिच्यातून थेट रक्तात उतरतो. क्लोरीन नेमकी हीच त्वचा जाळते. मग मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतो. पाण्यात प्राणवायू असतो, पण तो घेणारा अवयव निकामी झालेला असतो. दुसरा घाव संथ असतो. फिल्टरच्या स्पंजात जिवाणूंची वस्ती असते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून सुटणाऱ्या अमोनियाचे ते आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. क्लोरीन या जिवाणूंनाही सोडत नाही. त्यामुळे पाणी बदलल्यावर तीन-चार दिवसांनी, सगळे ठीक आहे असे वाटत असतानाच, अमोनिया चढतो आणि मासे मरतात. तोवर पाणी बदलल्याचे कुणाच्या ध्यानातही नसते. दोष जातो खाद्याला, दुकानदाराला किंवा नशिबाला.

यावर कुणी म्हणेल, उपाय सोपा आहे, पाणी रात्रभर बादलीत ठेवावे. साध्या क्लोरीनसाठी हे खरेच आहे. हवेचा पंप लावून चोवीस तास ठेवले की ते उडून जाते, आणि घाई असेल तर दुकानातले अँटिक्लोरीनचे थेंब, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, तेच काम मिनिटांत करतात. पण क्लोरीनची पाण्यातल्या अमोनियाशी गाठ पडली की क्लोरामाइन बनते, आणि ते बादलीतून इतक्या सहजी जात नाही. बोअरवेलच्या पाण्याचे दुखणे आणखी वेगळे. काळ्या पाषाणातून आलेले हे पाणी क्षारांनी जड असते, त्यात प्राणवायू कमी असतो आणि कधीकधी लोहही असते. हवा लागली की ते तांबूस होते. पंपातून काढल्या काढल्या त्याचा पीएच ७ दिसेल. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की तोच ८ होईल. आणि अमोनियाचा विषारी वाटा पीएच ७ च्या मानाने ८ ला सुमारे दहापट असतो. म्हणून बादलीतले पाणी मोजायचे ते रात्रभर हवा दिल्यावरच.

इथे आरओचा आग्रह हमखास पुढे येतो. पण निव्वळ आरओच्या पाण्यात पीएच धरून ठेवणारे क्षार उरत नाहीत, त्यामुळे तो अचानक कोसळतो. शिवाय घरगुती यंत्र एका शुद्ध लिटरमागे त्याहून जास्त पाणी मोरीत सोडते, आणि ज्या जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर चैत्र-वैशाखात हंड्यांच्या रांगा लागतात, तिथे एका छंदापायी एवढी नासाडी करणे शोभत नाही. पीएच खाली आणणारी औषधेही जड पाण्यात फार टिकत नाहीत. क्षार तो पुन्हा वर ओढतात, आणि या चढउताराने मासा जितका खचतो तितका तो स्थिर ८ ने खचत नाही. त्यापेक्षा पाण्याला साजेसा मासा निवडावा. डास खाण्यासाठी आरोग्य खाते हौदांत सोडते तो गप्पी किंवा त्याचा भाईबंद मॉली जड पाण्यात सुखाने नांदतो. अ‍ॅमेझॉनच्या हलक्या, आम्लधर्मी पाण्यातला निऑन टेट्रा मात्र बोअरवेलवर जगवायचा म्हणजे रोजची झुंज. मासा कोणताही असो, आठवड्याला टाकीचा पाचवा हिस्सा बदलावा. एकदम सारी टाकी धुऊन काढू नये.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: तारापूर शेजारी असताना नळाला असे निर्दोष ठरवणे भोळेपणाचे नाही का? संशय रास्तच आहे. मच्छीमारांच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२२ मध्ये इथल्या शंभराहून अधिक कारखान्यांवर भरपाईचा बोजा टाकला. कारखान्यांच्या सांडपाण्याच्या राष्ट्रीय मानकांत तर मासा ही चाचणीच आहे: निव्वळ सांडपाण्यात ९६ तासांनंतरही ९० टक्के मासे जगले पाहिजेत. मात्र त्या चाचणीला बळ येते ते वेळ, प्रमाण आणि पाण्याचा उगम नोंदलेला असतो म्हणून. घरच्या टाकीतल्या मृत्यूमागे अशी कोणतीच नोंद नसते. प्रत्येक मेलेला गप्पी कारखान्याच्या खाती टाकला, तर खाडीतल्या खऱ्या तक्रारीचेच वजन घटते. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना पाणी तपासण्याचे किट आणि प्रशिक्षण मिळाले आहे. पीएच, जडपणा, क्लोरीन, लोह, नायट्रेट हे आकडे त्यातून निघतात. मासे पाळणाऱ्याला हवेत तेही हेच. टाकी विकत घेण्याआधी एकदा ग्रामपंचायतीत जाऊन ते विचारून घ्यावेत. मासे वाचतीलच, आणि उद्या नळाला खरोखर काही भलतेसलते आले, तर आधीचे आकडे हाती असल्यामुळे तक्रारही ठामपणे करता येईल.