गाळ्यातील शाहीर

गेली तीस वर्षे आम्ही विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपाशीत आलो आहोत. एवढ्या काळात आमच्या हातून चुका झाल्या नसतील असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु बहुतेक चुका विस्मृतीत गेल्या, आणि एक मात्र अद्याप सलत राहिली आहे. पाच वर्षांपूर्वी महाविद्यालयाच्या काव्यस्पर्धेत आम्ही परीक्षक होतो. सातिवलीहून येणारा एक मुलगा उभा राहिला. त्याच्या हाती कागद नव्हता. डाव्या हाताच्या बोटांनी मेजावर ठेका धरून त्याने म्हणावयास सुरुवात केली, आणि चार मिनिटे तो थांबला नाही. एका लहानशा कारखान्यात पॉवरप्रेसखाली वडिलांची दोन बोटे कशी गेली, त्याची ती हकीकत होती. यमके पटापट पडत होती, शब्द रस्त्यावरचे होते, आणि वृत्त म्हणावे असे त्यात आम्हांस काही सापडेना. आम्ही दहांपैकी तीन गुण दिले, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले, 'हे काव्य नव्हे, बोलणे आहे.'

तोच मुलगा यंदाच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या दारात उभा राहिला. छत्रीखाली त्याने छातीशी प्लॅस्टिकची पिशवी धरली होती, आणि पिशवीत बारा पृष्ठांचा इंग्रजी करारनामा होता.

"सर, यात काय लिहिलंय ते सांगाल का? इंग्रजी तुमच्याकडेच शिकलो, पण हे इंग्रजी वेगळंच आहे."

मुंबईतील एका संगीतसंस्थेने त्याचे गाणे विकत घेण्याची तयारी दाखविली होती. गाणे तेच होते, तीन गुणांचे.

सातिवली ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द लिहावयास हवेत. वसई म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर चिमाजीअप्पांनी १७३९ साली जिंकलेला किल्ला, केळीच्या बागा आणि समुद्रकिनारा उभा राहतो. ती वसई रुळाच्या पश्चिमेची. रुळ ओलांडून पूर्वेस तुंगारेश्वराच्या डोंगराकडे निघाले म्हणजे पत्र्याच्या गाळ्यांची रांग सुरू होते, आणि गाळ्यांमागून गाळे ओलांडीत रिक्षा सातिवलीस पोहोचते. कोठे प्लॅस्टिकचे साचे, कोठे पुठ्ठ्याची खोकी, कोठे पत्रा कापण्याचे काम. देशाच्या साऱ्या भागांतून आलेली माणसे येथे पाळीवर जातात व पाळीवरून येतात. या वस्तीत ठेका शिकण्यासाठी मुलाला कोठे जावे लागत नाही. प्रेस दिवसभर तोच शिकवीत असतो.

करारनामा वाचण्यापूर्वी हे गाणे तयार झाले कसे, हे आम्ही त्याला विचारले. उत्तरादाखल तो पुढच्या रविवारी आम्हांस आपल्या खोलीवर घेऊन गेला. दहा बाय बाराची ती खोली. एका कोपऱ्यात दोरीवर दोन गोधड्या टांगलेल्या. त्यांच्या आड उभे राहून मोबाईलला जोडलेल्या स्वस्त ध्वनिग्राहकात त्याने शब्द भरले होते. गोधडीमुळे आवाज घुमत नाही, असे त्याने समजावून सांगितले. पाठीमागचे संगीत इंटरनेटवरून उतरविलेले होते. त्याच्या आईने चहा दिला व म्हटले, "सर, रात्री बारानंतर गातो हा. तेव्हाच शेजारचं मशीन बंद असतं."

या गायनप्रकाराचा इतिहास आम्ही त्या दिवसापावेतो कधी पाहिला नव्हता. पाहिला तेव्हा आमच्या शेऱ्याची लाज वाटली. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात, सेजविक अॅव्हेन्यूवरील एका इमारतीच्या दालनात, कूल हर्क या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुणाने बहिणीच्या मेजवानीत दोन तबकड्या आलटून पालटून वाजविल्या, आणि गाण्यातील केवळ ठेक्याचा तुकडा लांबवून धरला. त्या ठेक्यावर बोलत राहण्याची जी रीत पडली तीतून रॅप वाढीस लागला. आता ठेक्यावर बोलणे हे जर काव्य नव्हे, तर डफाच्या तालावर पोवाडा म्हणणाऱ्या आमच्या शाहिरांस आम्ही काय म्हणणार? कलगीवाले आणि तुरेवाले रात्र रात्र एकमेकांस सवाल टाकीत, आणि ज्याला जबाब सुचला नाही तो हरे. ब्रॉंक्सच्या पोरांनी हेच केले. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमरशेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले तेव्हाही, हे काव्य नव्हे, हा प्रचार आहे, असे म्हणणारे प्राध्यापक होतेच. आम्ही त्यांच्याच पंक्तीत जाऊन बसलो होतो.

परंतु शाहिराला आणि रॅपवाल्याला पूर्वी एक अडचण समान होती. आवाज गल्लीबाहेर जावयाचा तर कोणाच्या तरी दारातून जावा लागे. ते दार तबकडी काढणाऱ्या कंपनीचे, आकाशवाणीचे, पुढे कॅसेटच्या व्यापाऱ्याचे. कॅसेट स्वस्त झाली तेव्हा ते दार थोडे किलकिले झाले, आणि प्रल्हाद शिंदे यांचा आवाज गावोगाव पोहोचला. इंटरनेटने मात्र दाराची चौकटच उखडली. १९९९ साली नॅप्स्टर निघाले आणि लोक गाणी फुकट वाटून घेऊ लागले. अमेरिकेतील ध्वनिमुद्रणाचे उत्पन्न पुढील पंधरा वर्षांत निम्म्यावर आले. २००५ मध्ये युट्यूब आले. ज्या कंपन्यांनी रॅपला दारात उभे केले नसते त्यांच्याच देशात २०१७ साली तो सर्वाधिक ऐकला जाणारा प्रकार ठरला, आणि २०१८ साली केंड्रिक लमार या रॅपवाल्यास संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

आपल्याकडेही फार निराळे घडले नाही. २०१४ साली कुर्ल्याच्या नावेद शेख ऊर्फ नेझी याने वडिलांनी दिलेल्या आयपॅडवर एक गाणे मुद्रित केले, त्यावरच त्याचे चित्रण केले, आणि ते इंटरनेटवर टाकले. दुसऱ्या वर्षी अंधेरीचा डिव्हाइन व तो यांचे गाणे शहरभर झाले. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले व डेटा मातीमोल झाला. हे झाले नसते तर सातिवलीच्या खोलीत ब्रॉंक्सचा ठेका पोहोचलाच नसता. २०१९ साली 'गली बॉय' चित्रपट आला आणि मध्यमवर्गाने या पोरांची दखल घेतली. मराठीतही हा आवाज उमटला. 'स्वदेशी' नावाच्या संचात हिंदी, गुजराती व मराठी शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यांनी आरेच्या वनासाठी प्रकाश भोईर यांच्या वारली गाण्याला आपल्या रॅपची जोड दिली. आमच्या वसई-नालासोपाऱ्याच्या मुलांचा 'द किंग्ज' हा नृत्यसंच २०१९ साली अमेरिकेतील 'वर्ल्ड ऑफ डान्स' स्पर्धा जिंकून आला. आम्ही याच भागात राहतो. पण ही वार्ता आम्हांस वर्तमानपत्रातून कळली.

एवढे वाचून कोणी म्हणेल की, दार उखडले, आता वारा मोकळा वाहणार. आम्हीही तसेच समजलो होतो. मुलाने आमचा भ्रम दूर केला. त्याचे गाणे चाळीस हजारांवर वेळा पाहिले गेले होते, आणि त्यातून त्याला एक पैसा मिळाला नव्हता. युट्यूबच्या जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा हवा असेल तर एक हजार वर्गणीदार आणि वर्षात चार हजार तासांचे प्रेक्षण लागते; त्याचे वर्गणीदार सातशे. स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला आहे की, वर्षात हजारापेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला मानधन नाही. जुने दार गेले, आणि त्या जागी आकड्यांची चाळणी आली; दारावर निदान एखादा मनुष्य असे, त्याच्याशी वाद तरी घालता येत होता.

शिवाय यंत्र आले की ते गाण्याचा आकारही ठरविते. १९०२ साली गौहरजान यांनी कलकत्त्यास तबकडीसाठी गायन केले तेव्हा तासाचा ख्याल तीन मिनिटांत बसवावा लागला. अल्लादियाखाँसाहेबांनी तर तबकडी कधी दिलीच नाही. आजच्या सेवांत तीस सेकंद ऐकले गेले म्हणजे एक श्रवण मोजले जाते. म्हणून गाण्याला आलाप उरला नाही, प्रस्तावना उरली नाही. जे काही धारदार असेल ते आरंभीच फेकावे लागते. "पहिल्या पाच सेकंदांत माणूस थांबला नाही तर गेला, सर," असे तो मुलगा म्हणाला. त्याच्या गाण्यात मात्र आरंभी सातिवलीची सकाळ होती, रिक्षा होत्या, डबे होते. बोटांची हकीकत अगदी शेवटी होती.

आता करारनाम्याकडे येतो. तीन संध्याकाळी आम्ही दोघे तो घेऊन बसलो. आम्ही कलम वाचावे, मराठीत सांगावे, आणि त्याने वहीत उतरून घ्यावे. शेक्सपिअर शिकविताना आमच्या इंग्रजीचा इतका उपयोग कोणाला झाला असेल असे आम्हांस वाटत नाही. सर्व हक्क, सर्व विश्वात, चिरकाल, आज ज्ञात असलेल्या व पुढे शोधल्या जाणाऱ्या सर्व माध्यमांत कंपनीकडे जावयाचे होते. मोबदला एकदाच, चाळीस हजार रुपये. आम्ही १९५७ चा प्रताधिकार कायदा काढला. २०१२ सालच्या दुरुस्तीने कवीस व संगीतकारास मानधनाचा समान वाटा दिला आहे, आणि तो हक्क सोडून देता येत नाही, असेही त्यात म्हटले आहे. हे ऐकून मुलाने पेन्सिलीने त्या ओळीखाली दोन रेघा ओढल्या.

नवव्या कलमापाशी आम्ही थांबलो. त्यात असे होते की, गाण्यातील सर्व काही माझे स्वतःचे आहे. परक्याचे काही निघाल्यास नुकसानभरपाई मी देईन.

"पाठीमागचं संगीत कोणाचं रे?" आम्ही विचारले.

तो बराच वेळ बोलला नाही. ते संगीत युरोपातील कोणा अनोळखी तरुणाने केलेले होते, आणि पैसे न कमावण्याच्या अटीवर फुकट दिलेले होते. सही केली असती तर मुलाने जे त्याचे नव्हते ते विकल्यासारखे झाले असते, आणि भरपाईचे ओझे दोन बोटे गमावलेल्या माणसाच्या घरावर आले असते. ही आजची रीत आहे. 'ओल्ड टाउन रोड' हे अमेरिकेत १९ आठवडे अग्रस्थानी राहिलेले गाणेही असेच उभे राहिले. त्याचा ठेका लिल नॅस एक्स याने एका डच तरुणाकडून इंटरनेटवर तीस डॉलरांस घेतला होता. आम्ही इंग्रजीत पत्राचा मसुदा केला, मुलाने तो धाडला. चौथ्या दिवशी उत्तर आले. त्या तरुणाने थोडक्या डॉलरांत रीतसर परवाना दिला, आणि गाण्याचा अर्थ काय, असे विचारले. ज्या जाळ्यात मुलगा अडकत होता त्याच जाळ्यातून त्याची सुटका झाली, हे नमूद करणे आम्हांस न्यायाचे वाटते.

कंपनीशी बोलणे मुलानेच केले. मुदत चिरकालाची दहा वर्षे झाली. मानधनाचे कलम कायद्याप्रमाणे लिहिले गेले. तंटा पडला तो एकाच गोष्टीवर. कंपनीस बोटांचा भाग आरंभी आणून गाणे निम्मे करावयाचे होते. ते मान्य नसेल तर चाळीसाचे पंचवीस हजार मिळतील, असे सांगण्यात आले. धाकट्या बहिणीच्या पदविकेचे शुल्क भरावयाचे आहे, हे आम्हांस ठाऊक होते. आम्ही त्यास सल्ला दिला की, क्रम बदलू द्यावा. श्रोत्यांसाठी कवीने एवढे करण्यास हरकत नाही. परीक्षकाची सवय सुटत नाही, ती अशी.

त्याने पंचवीस हजार घेतले. आमच्याच मेजावर प्रत्येक पृष्ठाखाली सही करून त्याने कागद पिशवीत घातले. हा हट्ट का, असे आम्ही विचारल्यावाचून राहिलो नाही.

"बाबा आता पॅकिंगला असतात, सर. कामावर मोबाईल चालत नाही. रात्री जेवून झाल्यावर ऐकतात," तो म्हणाला. "त्यांना घाई नसते. ते शेवटपर्यंत ऐकतात."