बिडीच्या सुपापासून न्यूयॉर्कपर्यंत

होटगी

चि. भाचीस,

स्त्रियांच्या तुलनात्मक इतिहासात पुढे शिकायचं तू ठरवलंस, हे ताईकडून कळलं. फार बरं वाटलं. पण विषय परदेशातलाच हवा, असं तुझ्या मनाने घेतलंय म्हणे. म्हणून हे पत्र.

बायकांच्या आयुष्याची तुलना मराठीला नवी नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापली. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर खटला झाला, वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांनाच धारेवर धरलं, त्या संतापातून हे पुस्तक आलं. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी अमेरिकेच्या लोकस्थितीवर लिहिलं, त्यात तिथल्या बायकांचं शिक्षण आणि संस्था बारकाईने पाहिल्या. ताराबाई मात्र विस्मरणात गेल्या, त्या १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुस्तक पुन्हा छापेपर्यंत.

आता आपल्या दक्षिण सोलापूर तालुक्यातलं कुंभारी बघ. गोदूताई परुळेकरांच्या नावाने तिथे बिडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये घरं ताब्यात मिळाली. कारखान्यातून पान-तंबाखू आणायची, पान भिजवायचं, कात्रीने मापात कापायचं, तंबाखू भरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. मांडीवर सूप, शेजारी पोर, चुलीवर भात. मजुरी हजार बिड्यांमागे. तयार माल घेताना खराब ठरवून ‘छाट’ म्हणून काही बिड्या बाजूला काढतात, आणि तिथेच बाईची मेहनत कापली जाते.

न्यूयॉर्कमध्येही एकेकाळी बायका राहत्या खोलीत सिगार वळत. बोहेमियातून आलेल्या कितीतरी बायकांना हे काम मायदेशापासूनच येत होतं. सॅम्युअल गॉम्पर्स यांच्या सिगार कामगार संघटनेने चाळीतल्या सिगारकामावर बंदी आणणारा कायदा मिळवला, तो १८८५ मध्ये न्यायालयाने रद्द केला. आपल्याकडे १९६६ च्या बिडी-सिगार कायद्याने घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार ठरवलं. तिथे संघटनेला घरकाम बंद हवं होतं, इथे कायद्याने त्याच कामाची नोंद घेतली. हा फरक का पडला? संघटनेत कोण होतं, बायकांच्या वतीने बोलत कोण होतं? माझ्या मते तुझा प्रबंध इथे आहे.

पद्धत शिकायला पुण्याच्या विद्यापीठातलं क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्र आहे, मुंबईत एसएनडीटीचं १९७४ पासूनचं संशोधन केंद्र. शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना इतिहासाचा पुरावा म्हणून वाचलं, ते आधी वाच. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ त्याच्याही आधी. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून, त्यांच्याशी बोलून ते लिहिलं गेलं. जात बाजूला ठेवून बायकांचा इतिहास लिहिता येत नाही, हे त्या दोन्हींतून स्वच्छ दिसतं.

कन्नड तुला येतंच. कुंभारीत, सोलापूरच्या पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू बोलतात, ती जुजबी शिकून घे. मुलाखतीत मजुरीआधी विचार, बिडी वळायला शिकवलं कुणी, तेव्हा वय काय होतं, शाळा कोणत्या इयत्तेत सुटली, छाटीवरून भांडण झालं तर बोलायला कोण पुढे गेलं. दुपारी जा, सकाळी त्यांची माल द्यायची गडबड असते.

तुझी,
मावशी